चौदावा फर्मा

माझ्या सुनेनं वाचायचं सोडलंय, आणि हा निव्वळ हट्ट आहे. तोंड फुगवून बसणाऱ्या बायका परवडल्या, निदान त्यांच्याशी भांडता येतं. ही हसते. "आई, चहा ठेवू का?" म्हणून विचारते. दिवसभर पुठ्ठे चिकटवायची खळ ढवळते, ब्रश धुते, आणि संध्याकाळी वर आली की खिडकीशी रिकाम्या हातांनी बसते. रिकाम्या हातांनी! लग्न होऊन आली त्या दिवसापासून जिच्या हातात पुस्तक पाहिलं, ती बाई आता दोन्ही हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघते, आणि घरातल्या सगळ्यांना आपण काहीतरी घोर पाप केलंय असं वाटायला लावते.

सगळ्यांना म्हणजे मला.

आमचा पुस्तकं बांधायचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं आपलं. खाली दोन खोल्या, मागे एक गोदाम, आणि वर आम्ही राहतो. वाचनालयाची फाटकी पुस्तकं आमच्याकडे येतात. जुनी शिवण उसवायची, पाठीवरचा वाळका सरस खरवडायचा, फाटलेल्या पानांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावायच्या, फर्मे क्रमानं लावायचे, शिवायचे, कडा कापायच्या आणि नवा पुठ्ठा चढवायचा. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. अशा बारा-चौदा घड्या एकावर एक शिवल्या की झालं पुस्तक. प्रत्येक घडीच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा असतो, तो बघून फर्मे लावायचे. सगळ्यात जबाबदारीचं काम ते. इथं चूक झाली तर पुढे कितीही देखणा पुठ्ठा चढवा, आतलं पुस्तक बिघडलेलंच.

ते काम सुनेकडे होतं. शिवायला माझी धाकटी बहीण, तिला सगळे मावशी म्हणतात. कापायच्या मशीनवर लंबू, जो दारातून वाकून आत येतो आणि तरी आठवड्यातून एकदा कपाळ आपटतो. ने-आण माझा मुलगा करतो. आणि सगळ्यांवर नजर ठेवायला मी.

भिंतीवर माझ्या नवऱ्याच्या हातची पाटी आहे: 'येथे पुस्तके बांधली जातात, वाचली जात नाहीत.' तो गेल्यापासून ही पाटी मी दर वर्षी पुसते आणि दर वर्षी नव्यानं रंगवून घेते. माझ्या कारखान्यात कुणी ओळीवर नजर टाकलेली दिसली तर मी लांबूनच विचारायची, "काय, परीक्षा आहे का उद्या?"

सूनबाई पाटीखाली कधी वाचत नसे. घरी वाचायची आणि खाली येऊन सांगायची. मावशीची सुई चालू, लंबूचं मशीन चालू, आणि हिचं तोंड चालू: मग तिनं पत्र फाडलं, मग तो स्टेशनवरून परत फिरला. मी पहिल्या दिवशी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात पाहिलं की मावशी दोन पुस्तकं जास्त शिवून उठली. म्हटलं, चालू दे. सांगण्यावर पाटीत काही लिहिलेलं नाही.

आता खरं सांगते. मी वाचते.

शाळा माझी तिसरीपर्यंत. जोडाक्षर आलं की अजूनही उंबऱ्याला ठेच लागल्यासारखी अडते. वाचताना ओठ हलतात. ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरावी लागते, नाहीतर तीच ओळ दोनदा वाचते आणि मनात म्हणते, या लेखकाला एकदा सांगून समाधान होत नाही का. चष्मा गोदामात खिळ्यांच्या डब्यात ठेवलेला आहे, कारण माझी नजर अजून सुईच्या नाकासारखी बारीक आहे असं मी वीस वर्षं सगळ्यांना ऐकवत आलेय. दुपारी जेवणं झाली की "पुठ्ठे मोजून येते" म्हणून जायचं, गठ्ठ्यावर बसायचं आणि एप्रनच्या खिशातून फर्मा काढायचा. आमच्याकडे पुठ्ठे जितक्या वेळा मोजले गेलेत तितक्या वेळा जगात कुठंच मोजले गेले नसतील.

आणि मी शेवटचा फर्मा आधी वाचते.

हसू नका. माझा नवरा मशीनचा पट्टा बदलायला खाली गेला, "आलोच" म्हणाला, आणि आला नाही. तेव्हापासून मला पुढे काय होणार याची हुरहूर सोसत नाही. कोण जगतंय, कोण मरतंय, कुणाचं कुणाशी जमतंय, ते एकदा कळलं की मी निवांत. मग मधलं सगळं चवीनं, सावकाश वाचते. जिथं थांबेन तिथं पानाचा कोपरा बोटभर दुमडायचा आणि फर्मा गुपचूप होता तिथं ठेवायचा. असं करत चार वर्षांत मी किती कादंबऱ्या वाचल्या असतील, मोजल्या नाहीत. पुठ्ठेच मोजत होते ना.

मला कादंबऱ्यांतलं काय आवडतं म्हणाल, तर माणसांना उगाच बोलायला भरपूर वेळ असतो ते. भांडी घासायची पाळी कुणावर येत नाही. सर्दी कुणाला होत नाही, आणि झाली की समजायचं, हा आता शेवटपर्यंत टिकत नाही. एका कादंबरीत एक बाई नवऱ्याला सोडून जाते, चूल पेटलेली, दूध तापत ठेवलेलं, तशीच दार ओढून निघते. पुढची चाळीस पानं ती आगगाडीत बसून आयुष्याचा विचार करते. मला आठ दिवस त्या दुधाचीच काळजी. लेखकानं पुन्हा नाव काढलं नाही. चांदण्याची वर्णनं मी गाळते. सासवांची गाळत नाही. नऊ कादंबऱ्यांत सासू भेटली. आठांत दुष्ट, एकीत मेलेली. मी म्हणायची, लिहिणाऱ्यांना सासू कळत नाही.

कळते. पण ते पुढे.

वसंतातल्या खेपेला वाचनालयाकडून दोन कादंबऱ्या आल्या, एकाच छापखान्यातल्या, एकाच मापाच्या. दोन्हींना चौदा फर्मे, दोनशे चोवीस पानं. कागद सारखाच पिवळा. पानांवर नुसते आकडे, वर कादंबरीचं नाव नाही. एकीत दीपगृहाचा दिवा सांभाळणारा एक माणूस, त्याचं भावाशी वीस वर्षं बोलणं बंद. दुसरीत एक नर्स, तिनं इस्पितळात टाकलेली पोर वाढवलेली. दिवेवाल्याचा शेवट मी आदल्या दिवशी वाचला होता. नर्सचा त्या दुपारी वाचून संपवला. दोन्ही फर्मे खिशात होते, ते परत ठेवायचे तेवढ्यात लंबू ओरडला, "मालकीणबाई, सुरी अडकली!"

धावले. सुरी सुटली. मागे वळून बघते तर सूनबाई दोन्ही चळती टेबलावर घेऊन उभी. "आई, या दोन लावून टाकू का आज?"

"थांब जरा. आधी मी खालचे कागद बघते, ओल आहे का." तिच्याकडे पाठ केली आणि एकेका चळतीखाली एकेक फर्मा सरकवला. कुठला कुठं, ते हाताच्या अंदाजानं. हाताला दोन्ही सारखेच लागले. आकडा वाचायला चष्मा हवा, चष्मा गोदामात, आणि तो आणायला गेले असते तर वीस वर्षांची नजर गेली असती. मी म्हटलं, बरोबरच असेल.

सुनेनं तिचं काम चोख केलं. एक ते चौदा आकडे तपासले, शेवटचं पान दोनशे चोवीस, तेही तपासलं. दोन्हीकडे सगळं बरोबर होतं. मावशीनं शिवलं, लंबूनं कापलं, मी स्वतः पुठ्ठे चढवले. फार सुरेख झाली होती हो दोन्ही पुस्तकं. गडद निळं कापड.

तीन महिन्यांनी ग्रंथपालबाई आल्या. त्यांच्याबरोबर चौकातला घड्याळवाला. म्हातारा, शिडशिडीत, भिंग कपाळावर चढवलेलं. हातात निळं पुस्तक.

"हे तुम्ही बांधलंय ना?" त्यानं पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. "दोनशे आठव्या पानावर हा माणूस वादळात होडी घालतो. शेवटची ओळ: लाट डोक्यावरून गेली आणि. पुढचं पान: दार उघडून नर्स आत आली."

लंबूला हसू फुटलं, त्यानं खोकून झाकलं.

"मला वाटलं, वाचला, इस्पितळात नेलं," घड्याळवाला म्हणाला. "म्हटलं ठीक. पण मग त्या नर्सच्या मुलीचं लग्न निघालं. मी म्हटलं, असेल, ओळखीची असेल. सोळा पानं वाट बघितली मी. दिवा नाही, समुद्र नाही, भाऊ नाही. भाऊ कुठं गेला?"

ग्रंथपालबाई हळू बोलतात. हळू बोलणाऱ्या बायकांची मला भीती वाटते. "यांच्याआधी सात जणांनी नेलं हे पुस्तक," त्या म्हणाल्या. "एकाचीही तक्रार नाही. एका गुरुजींनी तर अभिप्रायाच्या वहीत लिहिलंय, शेवट काळजाला भिडला."

मला सगळं एका क्षणात कळलं. खिसा, चळती, सुरी, चष्मा. सगळे माझ्याकडे बघत होते, मालकीण काय म्हणते म्हणून, आणि मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतंय.

"ही वाचते ना! डोकं कादंबरीत आणि हात फर्म्यांवर. दुसरं काय होणार?"

आणि बोट केलं सुनेकडे.

सुनेनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग ग्रंथपालबाईंना म्हणाली, "चुकलं माझं."

ग्रंथपालबाई म्हणाल्या, कामात वाचणाऱ्या माणसाच्या हातात वाचनालयाची पुस्तकं देणं त्यांना बरं वाटत नाही. आणि वाचनालयाचं कार्ड तूर्त जमा करा, म्हणाल्या. सूनबाई वर गेली, कार्ड घेऊन आली, त्यासोबत घरात असलेली कादंबरीही आणली आणि दोन्ही त्यांच्या हातात दिलं. जाता जाता घड्याळवाल्यानं दारात वळून विचारलं, "पण भाऊ आला का शेवटी? कुणाला माहीत आहे का?"

त्या खोलीत ते एकाच माणसाला माहीत होतं. तो माणूस सरसाच्या डब्याचं झाकण घट्ट बसवत होता.

लोक गेल्यावर मी आवाज आणखी चढवला. खोटं बोललं की त्याला टेकू लागतो. म्हटलं, "आजपासून तू खळीवर. आणि या घरात कादंबरी दिसता कामा नये."

"बरं, आई," ती म्हणाली.

नऊ आठवडे झाले याला. कारखाना नुसता मुका झालाय. सूनबाई तेव्हा एका बेकरीवाल्या बाईची कादंबरी सांगत होती. बाईच्या दुकानासमोर तिचा पहिला नवरा येऊन उभा राहतो आणि तिला ओळखत नाही, इथवर आली होती. तेच पुस्तक कार्डाबरोबर गेलं. चौथ्या दिवशी लंबूनं मशीन थांबवून विचारलं, "वहिनी, त्या बेकरीवालीचं पुढं काय झालं हो?"

"तेवढंच वाचलं होतं मी," ती म्हणाली.

"मग आता?"

"आता काय, पाव भाजत असेल."

मावशी खुदकन हसली. मला मात्र रागच आला. तो नवरा तिथं दुकानासमोर उभा आहे, नऊ आठवडे! आत बोलवा, नाहीतर हाकलून द्या. आणि या वेळी शेवटचा फर्माही माझ्या हातात नाही.

मुलगा दोनदा माझ्याकडे आला. "आई, तिला निदान शिवायला बसव. खळीनं बोटं सोलली तिची."

"तू मध्ये पडू नकोस."

"मी पडत नाही. मी नुसता तिच्या बोटांकडे बघतो," तो म्हणाला आणि गेला. बापावर गेलाय. कमी बोलतो आणि जे बोलतो ते नेमकं लागतं.

मी काही कमी प्रयत्न केले नाहीत. एकदा एक अजून न बांधलेली कादंबरी खिडकीत विसरल्यासारखी ठेवली. चांगली होती, मी अर्धी वाचलेली. सूनबाईनं तिच्यावरची धूळ पुसली आणि खाली नेऊन कामाच्या चळतीत ठेवली. एकदा म्हटलं, "काय ग, हल्ली डोळे दुखतात का तुझे?" म्हणाली, "नाही, आई, तुमचे?" मी विषय बदलला.

माझंही वाचणं गेलं. गोदामात जायची, चष्मा लावायची, पट्टी ओळीखाली धरायची. ओळ संपायची नाही. डोळ्यांपुढे ती 'चुकलं माझं' म्हणताना दिसायची. कादंबरीतल्या खोट्या बायकांना मी इतक्या शिव्या घातल्यात की विचारू नका. एकीनं मोलकरणीवर चोरीचा आळ घेतला होता, तिला तर मी गोदामात मोठ्यानं म्हटलं होतं, भवाने, कुठं फेडशील! आता मी चष्मा डब्यात टाकायची, पुठ्ठे खरंच मोजायची आणि बाहेर यायची.

मग एका मंगळवारी मावशी ओरडली. फर्मे लावायचं काम आता तिच्याकडे आहे, आणि ती एकीकडे लावते, एकीकडे कुरकुरते. हातात तीच खिडकीतली, माझी अर्धी वाचलेली कादंबरी.

"कोण ग हे कोपरे दुमडतंय? हे बघ, चार फर्मे, चारही कोपरे! सूनबाई लावायची तेव्हा कधी दिसले नव्हते."

सूनबाई कोपऱ्यात खळ गाळत होती. मान वर न करता म्हणाली, "वाचक दुमडतात, मावशी. हाडाची पट्टी फिरवा, बसतात."

"वाचकानं दुमडलेला कोपरा तिथं पिवळा पडतो. मी काय आज आलेय? हा ताजा आहे. इथं, कारखान्यात दुमडलेला!"

"उंदीर वाचायला शिकले असतील," लंबू म्हणाला. "पाटी उंदरांना लागू नाही."

सगळे हसले. मी हसण्यासाठी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. चार वर्षं मी कोपरे दुमडत होते. एकदाही कुणी ओरडलं नव्हतं. दुमडलेला कोपरा आपोआप सरळ होत नाही. प्रत्येक वेळी, मी फर्मा ठेवून वळले की, कुणीतरी हाडाची पट्टी फिरवून तो बसवत होतं.

मग एकेक आठवायला लागलं. काही कादंबऱ्यांच्या बाबतीत ती म्हणायची, "आई, हिची घाई नाही, परवा लावते." मी मनात म्हणायची, आळशी आहे. नेमक्या चांगल्या कादंबऱ्या असायच्या त्या. परवापर्यंत माझ्या वाचून व्हायच्या.

म्हणजे घड्याळवाला आला त्या दिवशी तिला माहीत होतं. दोन्ही चौदावे फर्मे कुणाच्या खिशातून आले, मी पाठ फिरवून काय करत होते, सगळं. तिनं एक शब्द उच्चारला असता तर सगळ्यांसमोर माझी पाटी, माझी नजर, माझी मालकी, सगळं एका वाक्यात खाली आलं असतं. ती ते वाक्य गिळून बसली. म्हणजे हट्ट नव्हता तो. मी म्हटलं, घरात कादंबरी दिसता कामा नये, आणि तिनं ते पाळलं, एवढंच.

त्या दिवशी जेवताना मी तिच्या बोटांकडे बघितलं. मुलगा खोटं बोलला नव्हता.

त्याच शनिवारी ग्रंथपालबाई पुढची खेप घेऊन आल्या. मागे घड्याळवाला. नर्सचं पुस्तक मिळालं का, एवढं विचारायला रोज वाचनालयात येतो म्हणे. ते पुस्तक नेणारी बाई लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेलीय, पुस्तकासकट. दिवेवाल्याचा शेवट तिच्या पिशवीत.

"सोमवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे माझं," घड्याळवाला म्हणाला. "महिनाभर अक्षर बघायचं नाही. म्हटलं, इथं कुणीतरी बांधताना चाळलं असेल. भाऊ आला का, एवढंच सांगा."

मावशीनं सुई थांबवली. लंबूनं खांदे उडवले. सूनबाईनं खळीच्या डब्यात बघितलं. तिला शेवट माहीत नव्हता. आणि ज्याला माहीत होता त्याच्याकडे ती मुद्दाम बघत नव्हती. तेवढी सोयसुद्धा ती माझी करत होती.

"येतो," मी म्हणाले.

सगळ्यांच्या माना वळल्या. आता परत फिरायला जागा नव्हती, आणि खरं सांगते, बरं वाटलं.

"भाऊ येतो. पण होडी घेऊन नाही. तो किनाऱ्यावरून बघतो तर दीपगृहाचा दिवा विझलेला. दिवेवाला समुद्रात आहे, दिवा लावणार कोण? याचा एक पाय अधू. तरी तो तेवढ्या सगळ्या पायऱ्या चढतो, मधे दोनदा बसतो, आणि दिवा लावतो. दिवेवाल्याला पाण्यात उजेड दिसतो. वात जरा जास्त वर केलेली. लहानपणापासून एकच माणूस वात तशी जास्त करायचा, त्यावरून त्याला कळतं, वर कोण आहे. त्या उजेडाच्या अंदाजानं तो किनाऱ्याला लागतो."

घड्याळवाल्यानं कपाळावरचं भिंग काढून हातात घेतलं. "मग बोलतात?"

"नाही. भाऊ त्याला कोरडा शर्ट देतो. भाऊ उंच, त्यामुळे बाह्या लांब होतात. दिवेवाला बाह्या दुमडत बसतो. संपलं."

"एवढंच?"

"एवढंच. मीही म्हटलं होतं, एक वाक्य बोलला असता तर काय बिघडलं असतं. मग दुसऱ्यांदा वाचलं. बरोबर आहे ते."

तो बराच वेळ भिंग पुसत राहिला. मग म्हणाला, "माझाही एक आहे. पलीकडच्या पेठेत." एवढंच बोलला आणि पुस्तक काखेत धरून निघाला. दारात लंबूनं त्याच्यासाठी उगाच वाकून वाट करून दिली.

ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या, "तुम्हाला हे कसं ठाऊक?"

"वाचलंय. तुमच्या पुस्तकातच. शेवटचे फर्मे मी वाचायला काढते, त्या दिवशी दोन काढले आणि परत ठेवताना एकाच्या जागी दुसरा ठेवला. चष्मा नव्हता. हिचा काही दोष नाही. हिनं आकडे तपासले, आकडे बरोबर होते."

मावशीची सुई टेबलावरून खाली पडली, तिचा आवाज ऐकू आला. लंबू पाटीकडे बघत होता. बघू दे.

"आणि चष्मा?" मावशी म्हणाली. "तुला चष्मा आहे?"

"खिळ्यांच्या डब्यात," मी म्हणाले. "आहे, गेली अठरा वर्षं. आता आणखी काही विचारायचं असेल तर एकदाच विचारून घ्या."

ग्रंथपालबाईंनी पिशवी उघडली. कार्ड त्यात होतंच. नऊ आठवडे त्या ते बरोबर घेऊन फिरत होत्या की आजच आणलं, मी विचारलं नाही. त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि बेताची मान हलवली.

सूनबाई अजून कोपऱ्यात उभी. हात खळीनं पांढरे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ओठ मात्र हसायच्या बेतात. तेच तिचं मला सहन होत नाही. मी चार पावलं गेले, तिच्या हातातला ब्रश काढून घेतला, आणि सगळ्यांसमोर, जिथं आळ घेतला होता तिथंच उभी राहून म्हणाले:

"ऐक ग. माझी चूक ती माझी. त्या चुकीपायी आजपासून खळ मी ढवळणार, आणि कुणी माझ्यावर दया करायची नाही. पण तूही सुटत नाहीस. चार वर्षं माझे कोपरे बसवलेस आणि बोलली नाहीस. खोटा आळ अंगावर घेतलास, आणि वर रोज हसून मला चहा विचारलास. एवढं चांगलं वागून माणसाची झोप उडवू नये, कळलं? तर तुझी शिक्षा अशी. हात धू. हे कार्ड उचल, आणि आत्ताच्या आत्ता या बाईंबरोबर जाऊन त्या बेकरीवालीचं पुस्तक घेऊन ये. सोमवारपासून तू परत फर्म्यांवर, आणि जिथं सोडलं होतंस तिथून पुढे मोठ्यानं सांगायचं, मला पलीकडे खळीपाशी ऐकू येईल असं. आणि खबरदार, शेवटी तिचं काय होतं ते मला आधी सांगशील तर!"